जे आले नाहीत, त्यांचा रकाना

सकाळी 6.30

गळीत हंगामात नेसरी भागाला उसाचे ट्रॅक्टरच जागं करतात. कोवाडकडून, गडहिंग्लजकडून दोन-दोन ट्रॉल्यांची रांग लागलेली असते आणि रस्ताभर पाचटाचा सडा. चहा गॅसवर ठेवते न ठेवते तोच आशाताईंचा फोन. "मॅडम, ओढ्याच्या अंगाला नवी टोळी उतरलीया. बीडकडची माणसं हाईत. लेकुरवाळ्या बायका बी हाईत, एकीचं तर दिवस भरत आल्यागत दिसतंय."

संध्याकाळी जायचं ठरलं. दिवसा तिथं कुणी भेटत नाही. पहाटे अंधारात फडावर गेलेली माणसं अंधार पडतानाच परततात.

नेसरीजवळच्या एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आयुष्मान भारतमधून 2018 पासून आमची पदं उपकेंद्रांवर आली. आमच्या इमारतीवर आधी आरोग्यवर्धिनी केंद्र लिहिलेलं होतं, 2023 नंतर आयुष्मान आरोग्य मंदिर झालं. लोकांच्या तोंडी मात्र ते अजून 'सबसेंटर'च आहे. सपाटीवर 5,000 आणि डोंगराळ भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा सरकारी हिशेब. माझ्या हद्दीत एक गाव आणि त्याच्या वाड्या आहेत, डोंगराच्या कुशीत एक धनगरवाडा आहे. शिवाय वर्षातले चार-पाच महिने ओढ्याकाठी कोप्या करून राहणारी ऊसतोडीची माणसं असतात. ती लोकसंख्येच्या त्या हिशेबात कुठंच येत नाहीत.

आज दुपारी आमच्या केंद्राची अंतर्गत गुणवत्ता तपासणी आहे, म्हणून नेहमीपेक्षा लवकर निघायचं.

सकाळी 8.45

केंद्र उघडलं तेव्हा सिस्टर, म्हणजे आमच्या आरोग्य सेविका, आधीच हजर होत्या. कचऱ्याचे डबे जागेवर आहेत का, पिवळ्यात पिवळ्याचं आणि लालमध्ये लालचं आहे का, सुयांचा पांढरा डबा तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरला नाही ना, हे त्या न सांगता पाहतात. फ्रिजचं तापमान लिहून झालं होतं. औषधांच्या कपाटात लवकर मुदत संपणारी पुढं, उशिरा संपणारी मागं.

राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकं 2013 मध्ये आधी जिल्हा रुग्णालयांसाठी आली आणि मग खाली सरकत उपकेंद्रांपर्यंत पोचली. त्यांची तपासणीसूची जाडजूड आहे. सेवा, रुग्णांचे हक्क, साधनं, सहाय्यक सेवा, प्रत्यक्ष उपचार, संसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि निष्पत्ती असे तिचे आठ भाग. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण, आणि प्रमाणपत्रासाठी एकूण किमान 70 टक्के लागतात. गुण द्यायचे ते डोळ्यांनी बघून, कर्मचाऱ्यांना विचारून, नोंदी तपासून आणि रुग्णाशी बोलून.

या सूचीनं आमच्या केंद्राचं भलं केलंय, हे मी मनापासून सांगते. हात धुवायच्या बेसिनला नळ आला तो या सूचीमुळं. तपासणीच्या खाटेभोवती पडदा लागला तोही. त्या पडद्याआड गावातली बाई पहिल्यांदा अंगावरून पांढरं जाण्याविषयी बोलली. त्या आधी ती फक्त कंबरदुखीची गोळी घेऊन जायची.

सकाळी 9.30

ओपीडी सुरू. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही लागत नाहीत, तरी बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुठीत अजून सुटे पैसे असतात.

एक आज्जी आल्या. बीपीची जुनी रुग्ण. दर महिन्याला न चुकता येतात, तीस दिवसांच्या गोळ्या नेतात, अंगठा देतात. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढं 'नियमित' लिहिलेलं. मशीनवर आकडा आला 168/96. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं, तर 166/96.

"आज्जी, गोळी रोज घेताय न्हवं?"

"घेतो की!"

आमच्या भागात बाया स्वतःविषयी बोलताना 'घेतो', 'आलो', 'गेलो' असंच म्हणतात. आज्जींच्या आवाजात कसली शंका नव्हती. मी विचारलं, "आत्ता जवळ हाईत का? दाखवा बघू."

त्यांनी कनवटीचा बटवा काढला. आत सुपारी, मिश्रीची डबी, एसटीचं तिकीट आणि गोळ्यांच्या पट्ट्यांचे कापलेले तुकडे. कात्री जिथून चालली होती तिथून औषधाचं नाव गेलेलं. काही तुकडे बीपीचे, काही सांधेदुखीचे, दोन-तीन पित्ताचे. टेबलावर ओतून मोजले, तर बीपीच्या गोळ्या महिन्याभराच्या शिल्लक.

"गरगरल्यावर खातो बाई. बरं वाटत असताना कशाला वाया घालवू? सरकारचं औषध हाय, कुणाला तरी उपेगी पडंल."

आज्जींचा विचार अगदी सरळ होता. औषध दुखण्यासाठी असतं, आणि त्यांना काही दुखत नव्हतं. बीपी न दुखता आतून काय करतं, हे त्यांना बसवून कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असेल, तर त्यांना ते कळलं का हे कुणी तपासलं नव्हतं. त्यांच्या गावातल्या एका बाईला लकवा मारला होता, तिचा विषय मी काढला. "तिलाबी आधी काय दुखत नव्हतं," असं आज्जी स्वतःच म्हणाल्या आणि काही वेळ गप्प राहिल्या.

मग अख्खी पट्टी दिली, न कापता. पट्टीच्या मागं पेननं सूर्य काढला. "आता तुमी सांगा मला, उद्या काय करायचं?" त्यांनी पट्टी उलटी केली, सूर्यावर बोट ठेवलं. "उठलं की च्या, च्या झाला की ही. गरगरू दे न्हाईतर न गरगरू दे."

हे सगळं होईपर्यंत बाकावरची गर्दी वाढली होती, पण आजच्या ओपीडीतलं सगळ्यात मोठं काम हेच होतं. जगभरातल्या 67 देशांच्या अभ्यासावरचा एक लेख 2017 मध्ये 'बीएमजे ओपन'मध्ये आला होता. प्राथमिक उपचारात डॉक्टर रुग्णाला किती वेळ देतो, याची त्यात मोजदाद होती. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात 48 सेकंद. जगातल्या निम्म्या लोकांना पाच मिनिटं किंवा त्याहूनही कमी मिळतात. आमच्यासारख्या ठिकाणी सगळ्यांना वीस मिनिटं देणं शक्य नाही. पण कुणाला दोन मिनिटं पुरतात आणि कुणाला वीस लागतात, हे ओळखणं शक्य आहे.

सकाळी 11.15

पायाला जखम झालेले एक शेतकरी आले. शुगर 280 च्या वर. ई-संजीवनीवर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सरांना जोडून दिलं. रेंज दोनदा गेली, तिसऱ्यांदा बोलणं झालं. सरांनी जखम कॅमेऱ्यावर पाहिली आणि गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवायला सांगितलं. चिठ्ठी लिहून मी माझा नंबरही वर टाकला आणि त्यांच्या मुलाला बजावलं की तिथून निघताना मला फोन करायचा. पाठवलेला माणूस तिथं पोचला का, तिथं काय केलं, परत आल्यावर पुढचं ड्रेसिंग कोण करणार, हे कळल्याशिवाय माझ्या दृष्टीनं ते रेफर पूर्ण होत नाही. रजिस्टरमध्ये मात्र चिठ्ठी दिली की रकाना भरतो.

दुपारी 12.40

गर्दी ओसरली. आता रुग्णांचे अभिप्राय.

पूर्वी हा कागद आम्हीच भरून घ्यायचो. सेवेबद्दल समाधानी आहात का? कर्मचाऱ्यांची वागणूक कशी आहे? स्वच्छता कशी आहे? उत्तर ठरलेलं. "सगळं बरं हाय बघा." उद्या ज्यांच्याकडून इंजेक्शन घ्यायचं, त्यांच्याच तोंडावर वाईट कोण म्हणेल? शिवाय ज्याला आयुष्यभर दारातून हाकललं गेलंय, तो माणूस बसायला खुर्ची मिळाली तरी समाधानी होतो. त्याच्या समाधानावर आपण आपले गुण लावून घेणं मला पटत नाही.

म्हणून दोन बदल केले. आता प्रश्न मी किंवा सिस्टर विचारत नाही. आशा गटप्रवर्तक ताई बाहेर, झाडाखालच्या कट्ट्यावर विचारतात. आणि प्रश्न 'कसं वाटलं'चे राहिले नाहीत, 'काय झालं'चे झाले. आज आत गेल्यावर तुमचं बोलणं पुरं होण्याआधी कुणी तोडलं का? तुम्हाला काय झालंय ते सांगितलं का, आणि काय सांगितलं? गोळी कधी घ्यायची? पुन्हा कधी यायचं? मागच्या वेळी भेटलेलंच माणूस या वेळी भेटलं का? घरातून इथं येऊन परत जायला आज किती मोडले? मजुरी किती बुडाली?

शेवटचे दोन प्रश्न सिस्टरांनी सुचवले. आमच्याकडं औषध फुकट आहे, पण ते घ्यायला आलेल्या बाईचा अर्धा दिवस जातो आणि अर्ध्या दिवसाची मजुरीही. ही किंमत आमच्या कोणत्याच पत्रकात नसते.

महाराष्ट्रात याहून मोठं काम आधीच झालेलं आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 पासून लोकाधारित देखरेख सुरू झाली, ती आधी पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत. पुण्याची 'साथी' ही संस्था त्यात पुढं होती. गावातल्या लोकांनीच दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचं. चांगल्याला हिरवा, मधल्याला पिवळा, वाईटाला लाल. मग जनसुनवाईत डॉक्टर, अधिकारी आणि गावकरी समोरासमोर बसायचे आणि लाल खुणेचं उत्तर तिथंच मागितलं जायचं. नोकरीत आल्यावर मी ती प्रगतिपुस्तकं पाहिली. अक्षर न येणाऱ्या बाईलाही रंग कळतो. आपल्या दवाखान्याला गुण देण्याचा हक्क तिला मिळाला, ही माझ्या मते या राज्याच्या आरोग्यसेवेतली फार मोलाची गोष्ट आहे.

आज ताईंनी आणलेल्या कागदांवर एक उत्तर असं होतं: "बोलू दिलं, पण बाहेरच्या बायकांना ऐकू जातंय." पडदा आहे, पण खिडकी उघडी असते आणि बाक नेमका खिडकीखाली. जेवायच्या आधी बाक दुसऱ्या भिंतीला सरकवला.

दुपारी 2.00

वैद्यकीय अधिकारी सर आणि तालुक्याच्या पथकातल्या एक मॅडम आल्या. तासभर नोंदवह्या, साठा, कपाट, शौचालय, हात धुण्याच्या सहा पायऱ्या. सिस्टरांनी न चुकता करून दाखवल्या. दोन मुद्द्यांवर एक-एक गुण गेला: इंग्रजीत लिहिलेली एक सूचना आणि रॅम्पचा मोडलेला कठडा. दोन्ही खरं होतं.

मग मी सकाळच्या आज्जींचा विषय काढला. आपल्या रजिस्टरमध्ये त्या 'नियमित' आहेत. त्यांची भेट मोजली, गोळ्या दिल्या ते मोजलं. त्यांच्या बटव्यात काय आहे ते कुणीच मोजलं नाही. आणि त्या तरी येतात. जे वर्षभर आलेच नाहीत, त्यांच्याविषयी आपल्याकडं एक ओळही नाही. आपल्या टक्केवारीत ते खाली पडलेले दिसत नाहीत, कारण टक्केवारी काढताना ते मोजणीतच नसतात.

सर म्हणाले, "सिंधुदुर्गात करतात तसं करायचं म्हणताय?"

हो, तेच. आंबोलीचा घाट लागला की सिंधुदुर्ग. 2017 च्या अखेरीस देशात रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे चार जिल्हे होते. त्याची मोजायची रीत मला फार आवडते. एकदा नाव नोंदलं की तो माणूस मोजणीतून बाहेर पडत नाही. तिमाहीच्या शेवटी प्रत्येक नावापुढं तीनपैकी एक उत्तर लिहावंच लागतं: रक्तदाब 140/90 च्या खाली आहे, आटोक्यात नाही, किंवा आलाच नाही. हा तिसरा रकाना दवाखान्याला स्वस्थ बसू देत नाही. तो मोठा दिसला की कुणाला तरी उठून घरी जावं लागतं. त्या उपक्रमात घराजवळ औषध आणि एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या देण्यावरही भर आहे. म्हणजे जे मोजायचं, ते सुधारायची सोयही सोबत.

तालुक्याच्या मॅडमनी शंका काढली. "तुमचाच मोबदला आकड्यांवर ठरतो. तिसरा रकाना भरलात तर तुमचंच काम खाली दिसेल."

शंका रास्त होती. आमच्या मानधनाचा एक भाग दरमहाच्या निर्देशांकांवर मिळतो. ज्याच्यावर पैसे ठरतात, तो आकडा चांगला दाखवायचा दाब सगळ्यांवर येतो, आणि तो आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, रकाना आधी आपल्यापुरता ठेवू. पहिली तिमाही शिक्षा नको, बक्षीसही नको. फक्त नावं. कोण आलं नाही, आणि का आलं नाही.

सरांनी रजिस्टर ओढलं आणि पट्टीनं स्वतः तिसरा रकाना आखला. मग म्हणाले, "बटव्यातल्या गोळ्या मोजायचंही लिहा. महिन्यातून पाच जणांच्या. पाचच, पण खरोखर मोजायच्या."

दुपारी 3.45

न आलेल्यांपैकी दोघांकडं आशाताईंसोबत गेले. एकजण मुंबईला लेकाकडं गेलेले, तिथं औषध चालू आहे असं सुनेनं सांगितलं, नंबर घेतला. दुसरे घरीच होते, ओसरीवर. ते बेळगावच्या खासगी डॉक्टरांकडं जातात. महिन्याला औषधाचे आणि एसटीचे मिळून पैसे बरेच जातात, म्हणून आताशा एक दिवसाआड गोळी. सबसेंटरला का येत नाही, असं विचारलं तर म्हणाले, "मागं आलो तवा मशीन बंद हुती." ती माझ्या आधीची गोष्ट. मशीन बंद असल्याच्या एका सकाळीनं हा माणूस आमच्यापासून दूर गेला, आणि आमच्या कागदावर त्याचा माग कुठंच नव्हता. बीपी मोजलं, त्यांची चिठ्ठी वाचली. तेच औषध आमच्याकडं होतं.

धनगरवाड्यावर शुक्रवारी जायचं आहे. तिथल्या नावांना अजून हात लागलेला नाही.

आशाताईंना घराघराची खबर असते. गावातली बाईच गावाचं आरोग्य सांभाळू शकते, हे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून जामखेडला करून दाखवलं. आमचं सगळं मोजमाप शेवटी ताईंच्या चपलांवर चालतं, आणि त्यांच्या मोबदल्याची वेळेवर सोय होणं हाही माझ्या मते गुणवत्तेचाच मुद्दा आहे. तो सूचीत यायला हवा.

संध्याकाळी 6.10

ओढ्याकाठी धूर. कोप्यांपुढं तीन दगडांच्या चुली पेटलेल्या. दिवसभर मोळ्या वाहिलेल्या बाया आल्या तशा पिठाला बसल्या होत्या. हातावर पाचटाचे चिरे. आम्हाला पाहून एकीनं पोतं पसरलं.

आशाताईंनी सांगितलेली बाई एकवीस-बावीस वर्षांची, आठवा महिना. आजही फडावर जाऊन आलेली. तिच्याकडं माता बाल संरक्षण कार्ड होतं, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून, पिशवीला रबर. उघडलं. बीडकडच्या तिच्या गावातल्या सिस्टरांनी सुंदर अक्षरात सगळं लिहिलेलं: वजन, बीपी, धनुर्वाताची इंजेक्शनं. शेवटची नोंद चौथ्या महिन्याची. मग गाडी भरली आणि टोळी इकडं निघाली. पुढचे रकाने कोरे.

बोटाला टोचून हिमोग्लोबिन पाहिलं. 8.2. बीपी ठीक, पायाला थोडी सूज. उद्या नेसरीच्या ग्रामीण रुग्णालयात तिला दाखवायलाच हवं. आठव्या महिन्यात एवढं कमी रक्त असताना नुसत्या गोळ्यांवर भागेल का, की शिरेतून लोह द्यावं लागेल, हे डॉक्टरांनी बघून ठरवायला हवं.

"उद्या नाही जमायचं ताई," ती म्हणाली. "खाडा पडंल."

टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, दोघांच्या नावानं घेतलेली. एकानं सुट्टी घेतली की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीतून वळता होतो. तिला आपल्या रक्ताचा आकडा कळला होता, काळजीही वाटत होती. पण रुग्णालयाची ओपीडी ज्या वेळी उघडते त्या वेळी ती फडावर असते. दवाखाना फुकट आहे, जवळ आहे, आणि तरीही तिच्या वेळेत कधीच उघडा नाही.

मुकादम ट्रॅक्टरजवळ उभा होता. मी त्याला चढ्या आवाजात काही बोलले नाही. तिचं कार्ड उघडून आकडा दाखवला आणि बाळंतपणात रक्त गेलं तर रात्री अपरात्री काय होईल ते सांगितलं. तोही बापमाणूस होता. थोड्या वेळानं म्हणाला, "सकाळच्याला न्या, दुपारपर्यंत सोडा. खाडा नाही धरत."

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गर्भाशयं काढली जातात अशी ओरड झाली, तेव्हा 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. पाहणीत 82,309 बायांची माहिती घेतली. त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय, पाळीत फार जातंय, अशा तक्रारी घेऊन त्यांतल्या कितीतरी जणी दवाखान्याची पायरी चढल्या असतील. पडद्याआड शांतपणे ऐकून घेणारं, तपासणारं, साधं औषध देणारं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बघणारं माणूस त्यांना हंगामात फडाच्या जवळ मिळालं असतं, तर यातल्या किती पिशव्या वाचल्या असत्या? मला हा आकडा आठवतो तेव्हा आमच्या मोजमापाची लाज वाटण्यापेक्षा घाई वाटते. या बाया बीडच्या उपकेंद्रात हंगामभर 'स्थलांतरित' असतात आणि आमच्या उपकेंद्रात 'बाहेरच्या'. दोन्ही रजिस्टरं आपापल्या जागी शंभर टक्के भरतील आणि तरी ही बाई कुणाचीच नसेल.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ बार्बरा स्टारफिल्ड यांनी प्राथमिक उपचार जोखायला चार कसोट्या ठेवल्या होत्या. दुखलं की पहिला तिथंच जाता येतं का, तेच माणूस पुढंही सांभाळतं का, बहुतेक गरजा तिथं भागतात का, आणि बाकीच्या ठिकाणांशी कुणी धागा जोडून देतं का. ओढ्याकाठी उभं राहून हे चार प्रश्न विचारले की चारही उत्तरं नाही अशीच येतात. म्हणून मला वाटतं, आमच्या भागातल्या कुठल्याही दवाखान्याची परीक्षा घ्यायची तर जानेवारीत, इथून सुरू करावी.

एका कोपीत दहा महिन्यांचं बाळ होतं. कार्डावर पेंटाचे तिन्ही डोस झालेले, गोवर-रुबेलाचा पहिला राहिलेला. आईनं विचारलं, "इथं दिलं तर तिकडं चालंल का?" चालतं. कार्डावर तारीख घातली, अंगणवाडीतलं पुढचं सत्र सांगितलं. आशाताई स्वतः न्यायला येणार. आणखी तिघांची बीपी, एका आजोबांचा जुना खोकला. उद्या बेडक्याचा नमुना घ्यायची डबी त्यांच्या हातात दिली आणि कशी धरायची ते दाखवलं.

रात्री 8.50

नोंदी. गावातल्या लोकांच्या पोर्टलवर होतात, कारण त्यांचं घर यादीत आहे. टोळीची मी वेगळ्या वहीत करते: नाव, मूळ गाव, तिथल्या उपकेंद्राचं नाव, मुकादमाचा नंबर, आज काय केलं, पुढं काय राहिलं. आम्हा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत, एकमेकांतून साखळी लावत त्या बाईच्या गावच्या केंद्रापर्यंत पोचले. तिकडच्या मॅडमचा निरोप लगेच आला. पहिल्या बाळंतपणात रक्त फार गेलं होतं, रक्त चढवावं लागलं होतं. हे कार्डावर नव्हतं, आणि तिनंही मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. सरांना लगेच कळवलं. उद्या रुग्णालयात ही माहिती चिठ्ठीवर सगळ्यात वर, लाल पेननं.

जन आरोग्य समितीची बैठक पुढच्या आठवड्यात, सरपंच अध्यक्ष. विषय लिहून ठेवले: हंगाम संपेपर्यंत आठवड्यातून एक संध्याकाळ कोप्यांवर ओपीडी. रॅम्पचा कठडा. सूचना मराठीत. आणि तिसरा रकाना सगळ्यांसमोर वाचून दाखवणं.

पण तो रकाना भरायला आधी माणसं किती ते कळायला हवं, आणि ते आमच्या कुठल्याच खात्याकडं नाही. कारखान्याकडं आहे. कुठल्या शिवारात कुठली टोळी, किती कोयते, कुणाचा ट्रॅक्टर, हे चिटबॉयच्या, म्हणजे कारखान्याच्या उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाच्या, वहीत रोजच्या रोज लिहिलेलं असतं, कारण त्यावर उसाचं टनेज ठरतं. या गटाचा चिटबॉय आमच्याच गावचा पोरगा आहे. सकाळी फडावर जायच्या आधी तो चौकात चहाला थांबतो, आशाताई म्हणाल्या. सव्वासहाला तिथं जायचं, मग साडेआठला त्या बाईला घेऊन नेसरीला.